न जन्मलेल्या लेकराचा दुखवटा
(उपदेशक, मंडळीचे वडील व भगिनीवर्ग यांच्याकरिता अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : १ शमुवेल, अध्याय १, ईयोब, अध्याय २, योहान, अध्याय ९.



ह्या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही असा विषय घेतला आहे की ज्याविषयी आपल्या मंडळ्यांत फार थोडे बोलले जाते. घरात लहान मूल वारले तर सारी वस्ती दारी येते. पाळकास निरोप जातो, शेजारीण भाकरी करून आणते, चार माणसे कबरस्तानापर्यंत चालत जातात. परंतु तेच लेकरू जन्मास येण्यापूर्वी, दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या महिन्यात मातेच्या उदरातून गेले, तर दारी कोणी येत नाही. बाई दोन दिवस निजून राहते. तिसऱ्या दिवशी नळावर हंडा घेऊन उभी दिसते. आणि लोक समजतात की, झाले ते संपले. खरे पाहता ते संपलेले नसते. पुष्कळ भगिनींच्या मनात ते महिनेच्या महिने चालू राहते, व त्यांस ते बोलून दाखविण्यास जागा नसते.

ह्या पाठात आम्हांस एकच गोष्ट मुख्यत्वेकरून सांगावयाची आहे. ती ही की, असे घर हे दुखवट्याचे घर आहे असे मानून आपण तेथे जावे, आणि गेल्यावर पहिल्याने त्या बाईच्या माथ्यावरचा दोष उतरवावा. बाकीचे सर्व त्यामागून येते.

१. हे काय आहे व किती जणींस घडते

आपल्या जुन्या आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर त्यास गर्भस्राव, व पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर गर्भपात असे म्हटले आहे. आज व्यवहारात दोहोंसही गर्भपात म्हणतात, आणि मुद्दाम करविलेल्या गर्भपातासही हाच शब्द लावितात. यामुळे शब्द कानी पडताच कित्येक लोक संशयाने पाहू लागतात. यास्तव खेड्यातील बाया "गर्भ गळाला" असे म्हणतात तेच बरे. त्यात कोणावर आरोप नाही.

ही गोष्ट विरळा घडते असे समजू नये. 'लॅन्सेट' नामक वैद्यकीय पत्राने २०२१ साली ह्या विषयावर लेखमाला प्रसिद्ध केली. तीत जगामध्ये दरसाल सुमारे २ कोटी ३० लक्ष गर्भ अशा रीतीने जातात, म्हणजे दर मिनिटास ४४, असा अंदाज दिला आहे. कळून आलेल्या दर शंभर गर्भांपैकी सुमारे पंधरा राहत नाहीत. तेव्हा रविवारी उपासनेस बसलेल्या भगिनींकडे उपदेशकाने एकवार दृष्टी फिरवावी. त्यांपैकी कित्येकींनी हे दुःख सोसले आहे, आणि बहुतेकींनी ते कोणास सांगितलेले नाही. ज्या बाईवर आज हा प्रसंग आला आहे तिला वाटते की, आपण एकटीच अशी अभागी आहोत. तिच्या मागच्या बाकावर बसलेली आजी चाळीस वर्षांपूर्वी त्याच वाटेने गेली आहे, हे तिला ठाऊक नसते.

२. दोष कोणाचा?

गर्भ गेला की घरात पहिला प्रश्न निघतो तो हा : "काय केलेस तू?" सासूबाई म्हणतात, हिने भरलेला हंडा उचलला. नणंद म्हणते, ग्रहणात बाहेर पडली. कोणी पपईचे नाव घेते, कोणी एस.टी.च्या धक्क्यांचे, कोणी दृष्ट लागल्याचे. आणि बाई स्वतः रात्री जागी राहून त्या दिवसांची एकेक घडी उलगडून पाहते, आणि प्रत्येक घडीत आपली काही चूक शोधते.

म्हणून विज्ञानाने जे निश्चित सांगितले आहे ते प्रत्येक उपदेशकाने समजून घ्यावे. मनुष्याच्या शरीराच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. २३ पित्याकडून व २३ मातेकडून आलेली. गर्भधारणेच्या समयी ह्यांपैकी एखादे अधिक आले किंवा उणे पडले, तर गर्भाची वाढ काही आठवड्यांनी आपोआप थांबते. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निदान अर्ध्यांचे कारण हेच असते. बाईला दिवस गेल्याचे कळण्याच्याही आधी ते घडून चुकलेले असते. त्यात हंड्याचा संबंध नाही, ग्रहणाचा नाही, दचकण्याचा नाही, पिकलेल्या पपईच्या फोडीचा नाही, पतिपत्नीच्या सहवासाचा नाही, आणि घरातल्या भांडणाचाही नाही. पेरलेले प्रत्येक बी उगवत नाही हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. हा दाखला उपदेशकाने आपल्या समजुतीसाठी ठेवावा. शोक करणाऱ्या मातेस मात्र तो सांगू नये, कारण तिला ते बी नव्हते, लेकरू होते.

काही गोष्टींनी धोका वाढतो, हेही खरे आहे. हिवताप, ताब्यात नसलेला मधुमेह, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा विकार, तंबाखू व मशेरी, दारू, मातेचे वाढलेले वय, ह्या त्या गोष्टी होत. त्यांचा विचार अवश्य करावा. पण तो पुढच्या खेपेच्या तयारीचा विचार आहे, शोकाच्या दिवसांत बाईपुढे वाचावयाचे आरोपपत्र नव्हे. आणि अतिकष्टाच्या कामाविषयी बोलावयाचे असेल तर न्यायाने बोलावे. ऊसतोडणीच्या टोळीत जोडप्याने उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा लागतो व पैसे कापले जातात. अशा बाईने डोक्यावर मोळी का घेतली हे तिला विचारण्यात अर्थ नाही. मोळी घेतल्यावाचून तिची सुटका का नव्हती, हे आपण सर्वांनी स्वतःस विचारावे.

गर्भ लागोपाठ दोन-तीन वेळा गेला तर पतिपत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी. कारण दोघांपैकी कोणाकडेही असू शकते, व कित्येकदा तपासूनही काही सापडत नाही. केवळ एवढ्यावरून सुनेस माहेरी धाडून देणे किंवा मुलासाठी दुसरी बायको पाहण्याची भाषा करणे, हा उघड अन्याय आहे. जेथे असे बोलणे चालू असेल तेथे मंडळीच्या वडिलांनी गप्प बसू नये.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीही हाच प्रश्न केला : पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारिले. ज्यांनी प्रश्न केला ते वाईट लोक नव्हते. दुःख दिसले की त्यामागे अपराधी शोधावा, ही मनुष्याची जुनी खोड आहे. ती आपल्याही घरांत आहे, म्हणून हा अध्याय अशा प्रसंगी घरच्या सर्वांसमोर वाचावा, एकट्या बाईसमोर नव्हे.

आपल्या मंडळ्यांच्या पूर्वजांनीही ह्याविषयी लिहून ठेविले आहे. १५४२ साली जर्मनीतील विटेनबर्ग येथील पाळक योहान बुगेनहागेन ह्यांनी एका स्तोत्रावर विवेचन लिहिले, आणि त्यास जोडून मार्टिन ल्यूथर ह्यांनी गर्भ गेलेल्या स्त्रियांच्या सांत्वनासाठी एक लहानसे पत्रक लिहिले. त्या काळी बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या लेकराचे काय होईल ह्या भयाने मातांची मने पोळत असत. ल्यूथर ह्यांचा आशय असा की, ज्या मातेच्या हयगयीने हे घडलेले नाही तिला कठोर शब्दांनी भिववू नये. देव तिच्यावर कोपला आहे असे तिने समजू नये. आणि त्या लेकरासाठी तिच्या अंतःकरणात जी तळमळ होती, जी तिला शब्दांत मांडताही आली नाही, ती देवाने प्रार्थना म्हणून ऐकलेली आहे. हे लिहिणारा मनुष्य कोरडा पंडित नव्हता. १५२८ साली त्यांची तान्ही मुलगी एलिझाबेथ वारली होती, आणि १५४२ च्याच सप्टेंबरात त्यांची तेरा वर्षांची मग्दालेना वारली.

३. शरीराची काळजी आधी

दुःखाचे बोलण्यापूर्वी शरीराचे पाहावे, कारण काही प्रसंगी जिवासच धोका असतो. गर्भ जात असताना किंवा गेल्यावर, लागोपाठ दोन तास दर तासाला दोन-दोन घड्या किंवा पॅड भिजतील इतका रक्तस्राव झाला, ताप आला, दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला, पोटात असह्य कळा आल्या, किंवा भोवळ येऊन बाई पडली, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी व इस्पितळ गाठावे. गर्भाचा काही भाग आत राहिला तर विष पसरते. गर्भ पिशवीबाहेर नळीत वाढत असला तर नळी फुटते. ही दोन्ही कारणे प्राणघातक होऊ शकतात, आणि वेळेवर उपचार झाल्यास बाई वाचते.

कित्येक घरे लाजेने किंवा पोलिसांच्या भयाने डॉक्टरकडे जात नाहीत. आपोआप गर्भ जाणे हा कोणत्याही कायद्याने अपराध नाही, हे सर्वांस सांगावे. इस्पितळात बाईचा रक्तगट अवश्य विचारून घ्यावा. तो आर-एच निगेटिव्ह असेल, आणि विशेषतः तीन महिने उलटून गेलेले असतील, तर पुढच्या लेकराच्या रक्षणासाठी एक इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावे लागते. याविषयी डॉक्टरांस स्पष्ट विचारावे.

आणखी एक गोष्ट अशी आहे की तिच्याविषयी कोणी आधी सांगत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गर्भ गेला तर दोन-तीन दिवसांनी मातेच्या अंगावर दूध येऊ लागते. लेकरू नाही आणि पदर भिजतो, ह्यासारखी वेदना थोडीच असेल. तिला हे आधीच हळुवारपणे सांगून ठेवावे. दूध पिळून काढू नये; थंड पाण्याची घडी ठेवावी; छाती लाल होऊन ताप आला तर परिचारिकेस दाखवावे. काही दिवसांत ते आपोआप ओसरते.

४. दुःख कसे चालते

हे दुःख इतर दुःखांहून काहीसे निराळे आहे. ज्याला आपण पाहिले, खेळविले, त्याच्या आठवणी तरी असतात. येथे आठवण नाही, नाव नाही, फोटो नाही, कबरही बहुधा नाही. जे गेले ते पुढच्या दिवसांतले होते : आषाढात पाळणा बांधावयाचा होता, दिवाळीला माहेरी न्यावयाचे होते, मोठ्या मुलीने आपल्या भावंडासाठी टोपी निवडून ठेविली होती. म्हणून हे दुःख मागच्या दिवशी नव्हे तर पुढच्या दिवशी टोचते. शेजारच्या सुनेची ओटी भरतात तेव्हा टोचते. बरोबरच्या जावेचे मूल रांगू लागते तेव्हा टोचते. आणि ज्या दिवशी बाळंतपण व्हावयाचे होते तो दिवस येतो, तेव्हा सर्वांहून अधिक टोचते; त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणास त्याची आठवणही नसते.

यास्तव उपदेशकाने आपल्या रोजनिशीत दोन तारखा लिहून ठेवाव्या : एक, गर्भ गेला ती, दुसरी, लेकरू जन्मास यावयाचे होते ती. दुसऱ्या तारखेस सहज जाऊन त्या घरी बसावे. "आजचा दिवस आम्हांस ठाऊक आहे, ताई," एवढेच म्हटले तरी पुरे. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, शंभर उपदेशांनी जे होत नाही ते एवढ्या एका वाक्याने होते.

पतिपत्नीस वाटल्यास लेकरास नाव ठेवू द्यावे. गर्भ पुरला असल्यास त्या जागी खूण ठेवू द्यावी, किंवा परसात एखादे झाड लावू द्यावे. घरी येऊन लहानशी प्रार्थना करा असे त्यांनी म्हटल्यास "ह्याची काय गरज?" असे कोणी म्हणू नये. उलट ज्या बाईस ह्यांपैकी काहीच नको असेल तिच्यावर लादूही नये. कोणी रडते, कोणी कामात बुडते, कोणी आठ दिवसांनी हसूही लागते. रडणे थोडे म्हणून प्रेम थोडे, असा हिशेब करू नये.

५. चिंता म्हणजे विश्वासाची उणीव नव्हे

दुःखाबरोबर चिंता येते, आणि पुष्कळदा तीच अधिक काळ टिकते. लंडन येथील इस्पितळांत गर्भ गेलेल्या साडेसहाशेंहून अधिक स्त्रियांचा अभ्यास होऊन तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात गर्भ गेल्यानंतर एका महिन्याने शंभरात २४ जणींस मध्यम किंवा तीव्र चिंतेचा विकार, ११ जणींस तशाच प्रतीचा विषाद, व २९ जणींस मोठ्या आघातानंतर उद्भवणारी लक्षणे आढळली. म्हणजे तोच प्रसंग डोळ्यांपुढे वारंवार उभा राहणे, वाईट स्वप्ने, दचकून उठणे. नऊ महिन्यांनंतरही १७ जणींत चिंता, ६ जणींत विषाद व १८ जणींत आघाताची लक्षणे होती. तेथे वैद्यकीय सोयी उत्तम आहेत, तरी असे आहे. तेव्हा आपल्या खेड्यातील बाईने सहा महिन्यांनी "छातीत धडधडते" असे म्हटले तर ते ढोंग नव्हे.

ही चिंता निरनिराळ्या रूपांनी दिसते. झोप लागत नाही. जेवण जात नाही. ज्या खोलीत ते घडले तेथे पाय टाकवत नाही. मोठे मूल जरा शिंकले तरी प्राण कंठाशी येतो. पुन्हा दिवस गेले म्हणजे तर प्रत्येक वेळी मोरीत जाताना रक्त दिसेल की काय ह्या भीतीने हातपाय थरथरतात. अशा बाईस शास्त्रातील चिंता करू नका अशा आशयाची वचने काठीसारखी दाखवू नयेत. ती वचने थकलेल्यास टेकण्यासाठी दिली आहेत, मारण्यासाठी नव्हेत. थरथरणारे शरीर हे अविश्वासू अंतःकरणाचे चिन्ह नव्हे. मोठा घाव बसल्यावर शरीर असेच वागते.

मग काय करावे? काही साध्या गोष्टी आम्ही येथे देतो.

पहिली : भीती एका तरी माणसापाशी मोठ्याने बोलावी. आई, बहीण, थोरली जाऊ, पाळकीणबाई, कोणीही चालेल. परंतु ती ऐकून घेणारी असावी, उत्तर देण्याची घाई करणारी नसावी.

दुसरी : धडधड सुरू झाली की भिंतीस टेकून बसावे, चार मोजीपर्यंत श्वास आत घ्यावा व सहा मोजीपर्यंत सावकाश सोडावा, असे दहा-पंधरा वेळा करावे. श्वास मंदावला की काळजाची गती उतरते.

तिसरी : जेवण व झोप ह्यांची वेळ मोडू देऊ नये. भूक नसली तरी थोडी पेज, थोडे वरण घ्यावे. रक्त गेल्यामुळे शरीर अशक्त असते, आणि अशक्त शरीरात चिंता लवकर घर करते. आशाताईकडून लोहाच्या गोळ्यांविषयी विचारून घ्यावे.

चौथी : बारसे, ओटीभरण अशा प्रसंगांपासून तिला आपण होऊन वगळू नये व ओढूनही नेऊ नये. बोलावणे द्यावे आणि "यावेसे वाटले तर ये" असे म्हणावे. तिची सावली अशुभ मानून तिला दूर ठेवणे तर आपल्या घरांत मुळीच असू नये.

पाचवी : पुढच्या खेपेची घाई कोणी करू नये. कधी ते डॉक्टरांच्या सल्ल्याने व दोघांच्या मनाच्या तयारीने ठरावे, शेजाऱ्यांच्या विचारपुशीने नव्हे. एकदा गर्भ गेला तरी बहुतेक स्त्रियांचे पुढचे बाळंतपण सुखरूप होते, हे तिला अवश्य सांगावे. दिवस गेल्याचे कळताच आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. भीती वाटेल त्या दिवशी जाऊन तपासून घ्यावे. त्याबद्दल तिला कोणी हसू नये.

सहावी : दोन आठवडे उलटूनही झोप नाही, अन्न नाही, कशातच मन नाही, सारखे "मीच मारले" असे तोंडी येते, किंवा जगू नयेसे वाटते असे ती म्हणाली, तर तो आजार समजावा व डॉक्टरकडे न्यावे. जीव देण्याची भाषा निघाली तर तिला एकटी ठेवू नये व त्याच दिवशी न्यावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' नावाची सोय सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट व मराठीतही बोलता येते. औषध घेणे म्हणजे प्रार्थना सोडणे नव्हे. तापास गोळी घेताना आपण विश्वास सोडीत नाही, तसेच हे.

६. भेटीस जाताना

ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि कोणी एक शब्द बोलला नाही. तेवढे दिवस ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि दोष शोधू लागले, तेव्हा ते त्रासदायक झाले. एली याजकाने तर त्याहून मोठी चूक केली. हन्ना मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करीत होती, ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हता. त्याने ती मद्य प्यालेली आहे असे ठरविले. धर्माच्या अधिकाऱ्यास शोक ओळखता आला नाही. परंतु तिने सांगितल्यावर त्याने ऐकले व तिला शांतीने पाठविले. उपदेशक बंधूंनो, अशा घरी जाताना हा अध्याय आधी स्वतःसाठी वाचून जावा.

काही वाक्ये उंबऱ्याबाहेरच ठेवून जावी. "लवकर गेले ते बरे झाले." "एक आहे ना पदरी?" "होईल पुढच्या वर्षी दुसरे." "देवाला त्याची अधिक गरज होती." ही वाक्ये चांगल्या हेतूने बोलतात; पण ऐकणाऱ्या मातेस त्यांचा अर्थ एवढाच लागतो की, तू रडू नकोस. हन्नेचा पती एलकाना प्रेमळ होता, तरी मी तुला पुत्रांहून अधिक नाही काय, ह्या अर्थाचे बोलला. तेवढ्याने तिचे अश्रू थांबले नाहीत.

त्यापेक्षा असे म्हणावे : "ताई, फार वाईट झाले. ह्यात तुमचा दोष नाही. आम्ही बसतो थोडा वेळ." मग बसावे. सासूबाईंसही बाजूस घेऊन म्हणावे, "आत्याबाई, तुमचेही नातवंड गेले आहे." कित्येकदा कठोर बोलणाऱ्या सासूच्या पोटात तिचा स्वतःचा जुना, न बोललेला शोक असतो, तो बाहेर आला म्हणजे सुनेवरचा राग उतरतो.

पतीस विसरू नये. त्याला कोणी काही विचारीत नाही. तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो, आणि तो बोलत नाही म्हणून बायकोस वाटते की ह्याला काहीच वाटले नाही. कोणी गुत्त्याची वाट धरतो. मंडळीतील एखाद्या वडिलाने त्याच्याबरोबर शेताच्या बांधापर्यंत चालत जावे व विचारावे, "तुझे कसे चालले आहे, बाबा?" घरातल्या लहान मुलांसही साध्या शब्दांत खरे सांगावे, नाही तर ती समजतात की आपल्याच खोडकरपणाने आई रडते.

७. विश्रांती कोण देणार?

१९६१ च्या प्रसूती-लाभ कायद्याने गर्भ गेलेल्या कामगार स्त्रीस सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद ठेविली आहे. ज्या भगिनी कारखान्यात, शाळेत किंवा इस्पितळात नोकरीस आहेत त्यांनी डॉक्टरांचा दाखला घेऊन ती रजा मागावी. तो त्यांचा हक्क आहे. परंतु दुसऱ्याच्या शेतात खुरपणीस जाणाऱ्या बाईस ही रजा कोण देणार? एक दिवस गेली नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

येथे मंडळीचे काम आहे, आणि ते केवळ बोलण्याचे नाही. भगिनीमंडळाने पाळी लावून पंधरा दिवस त्या घरचे पाणी भरावे. मदतनिधीतून दोन पायली ज्वारी व थोडी डाळ पाठवावी. कोणी तिच्या मोठ्या मुलांस शाळेत पोहोचवावे. डोक्यावर हंडा घेऊन नळावर तिसऱ्या दिवशी ती दिसली, तर दोष तिचा नाही. ज्या आपण तिला पाहिले आणि स्वतःचा हंडा भरून परत आलो, त्या आपला आहे.

उपदेशकांनी हा पाठ केवळ स्त्रियांच्या सभेत न शिकविता सर्व मंडळीसमोर शिकवावा. पुरुषांनी ऐकला नाही तर त्याचा अर्धा उपयोग जाईल.

चर्चेसाठी प्रश्न

१. गर्भ गेलेल्या घरी आपल्या गावात कोण जाते? कोणी जात नसल्यास त्याचे कारण काय?
२. योहान ९ मधील शिष्यांचा प्रश्न आपल्या घरांत कोणकोणत्या शब्दांत विचारला जातो?
३. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केले ते आपणांस अवघड का वाटते?
४. एली व हन्ना ह्यांच्या भेटीतून उपदेशकाने आपल्यासाठी काय घ्यावे?
५. आपल्या मंडळीत अशा भगिनीस पंधरा दिवसांची विश्रांती देण्यासाठी कोण काय करील? नावे व कामे आजच लिहून ठेवा.
६. आपल्या गावचे आरोग्य केंद्र, आशाताई, १०८ व १४४१६ ही माहिती मंदिराच्या भिंतीवर लावलेली आहे काय? नसल्यास येत्या रविवारपूर्वी कोण लावील?